नाव लेकराचे, धन कोणाचे?

घरात मूल जन्मास आले की प्रथम त्याचे नाव ठेवले जाते, आणि मग थोड्याच दिवसांत त्याच्या नावावर काहीतरी ठेवावे असा विचार आई-बापांच्या मनात येऊ लागतो. कोणी टपाल कचेरीत खाते उघडतो, कोणी दोन तोळे सोने घेऊन बाजूस ठेवतो, आणि ज्याची ऐपत मोठी तो घराचे किंवा जमिनीचे खरेदीखतच मुलाच्या नावाने करून टाकतो. यात कोणास काही वावगे दिसत नाही. उलट ‘मुलाच्या नावावर केले’ असे सांगताना बापाच्या बोलण्यात समाधानच असते. तथापि, ज्या कृत्याविषयी सर्वांचे एकमत असते त्याचीच नीट तपासणी व्हावयाची पुष्कळदा राहून जाते. मुलाच्या नावावर मालमत्ता करणे म्हणजे मुलाला काही देणे, की मुलाचे नाव आपल्या उपयोगासाठी घेणे? वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर एका अजाण जीवाचा हक्क आणि एका जाणत्या माणसाचा प्रामाणिकपणा अवलंबून आहे. म्हणून या अंकात त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

या विचारास एक तात्कालिक निमित्तही आहे. आपल्या सभासद कुटुंबांतील पुष्कळ मुले-मुली गेल्या दोन पिढ्यांत परदेशी गेली आणि त्यांपैकी काहींनी तेथील नागरिकत्व घेतले. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारले की येथले आपोआप संपते. त्यानंतर जे ओ. सी. आय. कार्ड मिळते, त्याने येण्या-जाण्याची व राहण्याची सोय होते, परंतु माणूस भारताचा नागरिक होत नाही. अशा कार्डधारकास भारतात घर किंवा दुकान विकत घेता येते. शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही. वाडवडिलांकडून वारसाने आलेली शेती त्यास ठेवता येते, नवी खरेदी करता येत नाही. मग आपल्या गावाकडे चार एकर असावेत अशी ओढ मनात उत्पन्न होते, घरातील एखादे मूल अजून भारताचेच नागरिक असून आजी-आजोबांपाशी वाढत असते, आणि कोणी हितचिंतक सहज सुचवून जातो : ‘मुलाच्या नावावर घ्या, म्हणजे झाले.’ या ‘म्हणजे झाले’ मध्ये किती गोष्टी दडलेल्या आहेत, हे पाहावयाचे आहे.

हा पेच नवा नाही. परक्या मुलखात राहणाऱ्या आणि तेथे जमीन धारण करण्याची मनाई असलेल्या बापांनी आपल्या लहान मुलांच्या नावांवर घरे व शेते घेतली, आणि त्यावरून न्यायालयांत कित्येक वर्षे वाद झाले, असा इतिहास अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात घडला आहे. आपल्या प्रश्नाची सगळी अंगे त्यात एकत्र आढळतात, म्हणून आधी त्याकडे वळणे उपयुक्त ठरेल.

कॅलिफोर्नियात १९१३ साली एक कायदा झाला. ज्या परदेशीयांना अमेरिकेचे नागरिक होण्याची पात्रताच नाही त्यांनी तेथे शेतजमिनीची मालकी घेऊ नये, असे त्याचे तात्पर्य होते. कायद्यात कोणत्याही देशाचे नाव नव्हते. परंतु त्या काळी नागरिकत्वाचा दरवाजा वर्ण पाहून उघडला जात असल्याने हा बाण जपानी शेतकऱ्यांवर रोखलेला आहे हे सर्वांस ठाऊक होते. बापाला नागरिकत्व नाही, पण अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले त्याचे मूल जन्मतःच नागरिक, अशी तेथली स्थिती होती. तेव्हा बापांनी मुलांच्या नावांचा आश्रय घेतला. १९२० साली कायदा कडक करून अशा बापास मुलाच्या जमिनीचा पालनकर्ता होण्यासही मनाई करण्यात आली. परंतु १९२२ साली त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई अवैध ठरविली. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांनाही नागरिकत्वास अपात्र ठरविण्यात आले. त्यामुळे इंपीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांवरही हाच प्रसंग आला. त्यांच्यापैकी अनेकांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी विवाह केले होते आणि काहींनी आपली शेते तेथे जन्मलेल्या मुलांच्या नावांवर केली.

रिव्हरसाइड गावच्या जुकिची हराडा यांचे उदाहरण यात विशेष बोलके आहे. हे गृहस्थ तेथे खाणावळ चालवीत. भाड्याच्या खोल्यांत राहत असताना त्यांचा एक लहान मुलगा आजाराने दगावला, तेव्हा मुलांसाठी निरोगी जागी स्वतःचे घर असावे असे त्यांनी मनात घेतले. १९१५ साली त्यांनी एक घर विकत घेतले आणि ते अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या तीन लहान मुलांच्या नावांवर केले. शेजाऱ्यांना जपानी कुटुंब नको होते. त्यांनी पैसे देऊ करून पाहिले. हराडा यांनी नकार दिला. १९१६ साली राज्याने दावा लावला आणि त्यात बापाबरोबर ती तीन मुलेही प्रतिवादी झाली. १९१८ साली न्यायालयाने कायदा वैध धरला, परंतु मुले नागरिक असल्याने घर त्यांच्या मालकीचे राहू शकते असा निकाल दिला. महायुद्धाच्या काळात १९४२ साली जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेण्यात आले, आणि हराडा पतिपत्नी दोघेही युटा राज्यातील टोपाझ छावणीत वारली. त्या काळात एका अमेरिकन स्नेह्याने ते घर राखले. युद्धानंतर मुलगी सुमी परत आली आणि पुढे कित्येक दशके त्याच घरात राहिली. जे मुलांसाठी घेतले ते अखेर मुलांच्याच कामी आले. १९९० साली त्या घरास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्यात आला.

दुसरे उदाहरण काजिरो ओयामा यांचे. त्यांनी १९३४ साली दक्षिण कॅलिफोर्नियात सहा एकर जमीन घेऊन ती आपला सहा वर्षांचा मुलगा फ्रेड याच्या नावावर केली, आणि १९३७ साली लगतची आणखी दोन एकर तशीच घेतली. न्यायालयाकडून ते रीतसर पालनकर्ते नेमले गेले होते. पिकासाठी कर्ज काढताना न्यायालयाची परवानगीही त्यांनी घेतली होती. १९४४ साली, ते कुटुंब युद्धामुळे त्या भागातून हद्दपार असताना, राज्याने ती जमीन सरकारजमा करण्याचा दावा लावला. मुलाचे नाव हा केवळ देखावा आहे, असे राज्याचे म्हणणे होते. पालनकर्त्याने दरवर्षी जो अहवाल न्यायालयात सादर करावयाचा तो बापाने केला नव्हता, हीही गोष्ट पुढे करण्यात आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली निकाल मुलाच्या बाजूने दिला. इतर कोणत्याही बापाने पैसे भरून मुलाच्या नावावर जमीन केली तर ती देणगी समजली जाते. फ्रेडला मात्र बापाच्या मूळ देशामुळे ती देणगी आहे हे सिद्ध करण्याचे ओझे वाहावे लागते, आणि हे समान न्यायाच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १९५२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मूळ कायदाच रद्दबातल केला.

या दोन्ही प्रकरणांत वादाचा गाभा एकच होता : बापाने खरोखर दिले, की नुसते नाव लाविले? आणि येथेच आपल्या समाजाने थांबून स्वतःकडे पाहावे असे आम्हांस वाटते. इंग्रजी कायद्याची परंपरा अशी की, बापाने मुलाच्या नावे खरेदी केली तर ती मुलाच्या कल्याणार्थ दिलेली देणगी आहे असे प्रथमदर्शनी गृहीत धरावे. हा न्याय आपल्याकडे लागू करावा काय, असा प्रश्न १८५४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आला तेव्हा उत्तर नकारार्थी मिळाले. हिंदू लोकांत दुसऱ्याच्या नावाने खरेदी करण्याचा प्रघात इतका सार्वत्रिक आहे की, मुलाच्या नावावरून काहीच अनुमान काढता येत नाही. पैसा ज्याचा, मालमत्ता त्याची, असे ठरले. म्हणजे जे गृहीत धरले जाण्यासाठी ओयामा बापलेकांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले, ते आपल्याकडे आपल्याच वहिवाटीमुळे गृहीत धरता आले नाही. ‘मुलाच्या नावावर आहे’ याचा अर्थ ‘माझेच आहे’ असा आपण शतकानुशतके करीत आलो, आणि न्यायाधीशांनी तेवढेच नोंदवून ठेविले.

स्वातंत्र्योत्तर काळात ही स्थिती पालटली. १९८८ साली बेनामी व्यवहारांस कायद्याने बंदी झाली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती पुष्कळच कडक झाली. तरीही आपल्या ज्ञात उत्पन्नातून पती, पत्नी किंवा अपत्य यांच्या नावे घेतलेली मालमत्ता त्या बंदीतून वगळलेली आहे. कायद्याने येथे कुटुंबावर विश्वास टाकला आहे. परंतु कायद्याने ज्यास अपराध म्हटले नाही ते सर्व नीतीस संमत होते असे नाही. जेथे सरकार तपासावयास येत नाही तेथे माणसाने स्वतःच तपासावे लागते.

ही तपासणी कोणत्या मापाने करावी? याचे उत्तर शोधण्यास देवस्थानाच्या सभासदांना फार दूर जावे लागणार नाही. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात जनपदाची व्यवस्था सांगताना अशी आज्ञा घातली आहे की, मूल व्यवहारास योग्य होईपर्यंत गावच्या वृद्धांनी त्याच्या द्रव्याचे संवर्धन करावे. आणि लगेच त्याच ओघात देवद्रव्याविषयीही तेच सांगितले आहे. बालद्रव्य आणि देवद्रव्य ही एका श्वासात उच्चारली जावीत याचे कारण उघड आहे. दोघांचे स्वामी आपल्या धनाविषयी बोलू शकत नाहीत, सही करू शकत नाहीत, हिशेब मागू शकत नाहीत. मनुस्मृतीनेही अज्ञान वारसाचे धन तो मोठा होईपर्यंत राजाने सांभाळावे असे म्हटले आहे. अर्वाचीन न्यायालयांनी हीच संगती पुढे चालविली. अज्ञान वारसाच्या व्यवस्थापकाने मालमत्तेची खरी गरज किंवा तिचे हित असेल तरच ती गहाण टाकावी, असा दंडक प्रिव्ही कौन्सिलने १८५६ साली घातला, आणि १८७५ साली देवाच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाचा अधिकारही याच जातीचा आहे असे सांगितले. आपल्या मध्य प्रदेशातील मंदिरांच्या जमिनींविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिलेला निर्णय पुष्कळांच्या स्मरणात असेल : जमिनीचा मालक देव, पुजारी हा व्यवस्था पाहणारा, आणि मालकीच्या रकान्यात त्याचे नाव लागत नाही.

देवाच्या जमिनीचे उत्पन्न एखाद्या पुजाऱ्याने किंवा वहिवाटदाराने स्वतःच्या घरखर्चास वापरले तर आपण त्यास काय म्हणतो हे येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. मंडळाच्या वार्षिक सभेत एका नारळाच्या जमाखर्चावरूनही प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारले जाणे योग्यच आहे. मग तोच न्याय आपण आपल्या घरी का लावीत नाही? मुलाच्या नावावरील दुकानाचे भाडे येते, ते घरखर्चात मिसळते. मुलाच्या नावावरील प्लॉटची किंमत वाढते, तेव्हा तो विकून थोरल्या बहिणीचे लग्न उरकले जाते. कोणी विचारले तर उत्तर मिळते, ‘मुलाचेच आहे, पण मूल आमचेच ना?’ मूल आपले आहे हे खरे. परंतु पुजाऱ्यासही देव आपलाच वाटत असतो. जवळीक जितकी अधिक तितकी गल्लत करण्याची शक्यता अधिक, आणि म्हणूनच नियमाची आवश्यकताही अधिक.

कायद्याने हा नियम आधीच घालून दिला आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालकासही, म्हणजे प्रत्यक्ष आई-बापांसही, अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. तसे केले तर मुलास सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागता येतो. गोव्यातील बांधवांना तेथील दिवाणी संहिता लागू असल्याने त्यांचा तपशील निराळा आहे. कर वाचेल या आशेने जे मुलाच्या नावावर करतात त्यांनीही लक्षात ठेवावे की, अज्ञान मुलाच्या अशा मालमत्तेचे उत्पन्न आई-बापांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्याच उत्पन्नात धरले जाते.

परंतु आम्हांस कायद्याच्या कलमांपेक्षा त्यामागची दृष्टी सांगावयाची आहे. नाव लाविल्या दिवसापासून बाप मालक राहत नाही, तो वहिवाटदार होतो. मग वहिवाटदाराची जी कर्तव्ये तीच त्याची : मुलाच्या मालमत्तेचे उत्पन्न निराळ्या खात्यात ठेवणे, त्यातून खर्च केला तर तो मुलासाठीच करणे आणि लिहून ठेवणे, न्यायालयाची परवानगी ही कटकट न समजता मुलाच्या वतीने विचारलेला प्रश्न समजणे, आणि मूल अठरा वर्षांचे झाले की कागदपत्रे, हिशेब व ताबा त्याच्या हाती देणे. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, आणि दान खरे होते की नाही हे तीच ठरविते. ओयामा यांच्याविरुद्ध राज्याने न दिलेल्या अहवालांचे निमित्त केले, त्यामागचा हेतू दुष्ट होता यात शंका नाही. तरीही त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. लिहिलेला हिशेब हा दुसऱ्याच्या संशयावर उत्तर असतोच, शिवाय तो आपल्या स्वतःच्या मनावरही पहारा असतो.

आता एका अवघड शंकेचा विचार केला पाहिजे. हराडा यांनी ज्या कायद्याला वळसा घातला तो अन्यायाचा होता. माणसाचा वर्ण पाहून त्यास जमीन नाकारणाऱ्या कायद्यापुढे मुलाचे नाव हीच एक वाट उरली असेल, तर बापाने ती का धरू नये? त्याने ती धरली यास आम्ही दोष देत नाही. परंतु त्याची बाजू खरी ठरली ती कायदा अन्यायाचा होता एवढ्यावरून नव्हे. घर खरोखरच मुलांसाठी होते, म्हणून खरी ठरली. अन्यायाला उत्तर म्हणून केलेल्या गोष्टीतही मुलाचा हक्क पोकळ ठेवला असता, तर एका अन्यायातून दुसरा, घरातल्या घरातला, अन्याय जन्मास आला असता. शिवाय हराडा यांची आणि आपल्या परदेशस्थ बांधवांची स्थिती एक नाही. हराडा यांना नागरिकत्व मागूनही मिळाले नसते; आपल्या बांधवांनी एक नागरिकत्व समजून-उमजून सोडून दुसरे स्वीकारले आहे. त्या निवडीबरोबर काही लाभ आले, तसे काही निर्बंधही आले. शेतजमीन परदेशी नागरिकाने विकत घेऊ नये हा नियम वर्णावर आधारलेला नाही. तो शहाणपणाचा आहे की नाही याविषयी मतभेद असू शकतील, आणि ज्यास तो गैर वाटतो त्याने तसे उघड म्हणावे. परंतु जे स्वतःच्या हाताने घेता येत नाही ते लेकराच्या हाताने उचलावयाचे आणि पुन्हा आपल्या मुठीत ठेवावयाचे, यास कोणत्याही भाषेत दान म्हणता येणार नाही.

यात मुलाच्या बाजूने आणखी एक विचार आहे, आणि तो सहसा कोणी करीत नाही. नावाबरोबर जबाबदारीही येते. हराडा यांच्या मुलांना शाळेच्या वयात आपण राज्याच्या दाव्यातील प्रतिवादी आहोत हे कळले. फ्रेड ओयामाचे बालपण ज्या जमिनीवर गेले तीच जमीन त्यास वीस वर्षांचा होईतो न्यायालयात घेऊन गेली. आपल्याकडेही परदेशातून आलेला पैसा नियमाप्रमाणे आला होता काय, जमीन कोणत्या कारणासाठी घेतली, असे प्रश्न उद्या उपस्थित झाले तर उत्तराच्या जागी मुलाचेच नाव असणार. ज्याने काही ठरविले नाही, ज्यास काही विचारले नाही, त्यास आपण उत्तरदायी करून ठेवतो. म्हणून असा व्यवहार करण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. आणि वकिलाने ‘चालेल’ म्हटले तरी, मूल मोठे होऊन हे सर्व समजून घेईल तेव्हा त्याच्यापुढे आपण हा व्यवहार जसाच्या तसा मांडू शकू काय, असा प्रश्न स्वतःस विचारावा.

भावंडांचाही प्रश्न आहे. एक मूल भारतात जन्मले, दुसरे परदेशात. एकाचे नाव लावता येते, दुसऱ्याचे येत नाही. बापाच्या मनात दोघे सारखीच असतात, परंतु खसऱ्यात एकाचेच नाव असते. ‘मोठा झाल्यावर धाकट्याला अर्धे देईल’ असे बाप गृहीत धरतो; परंतु हे देणे बापाचे नव्हे, त्या मुलाचे आहे, आणि दुसऱ्याच्या औदार्यावर आपला न्याय गहाण टाकणे योग्य नाही. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या संहितेमुळे मुलांचा वाटा कायद्यानेच राखलेला असून, बापाला आपल्या निम्म्या भागापलीकडे मन मानेल तसे देता येत नाही. इतरत्र जेथे ही राखण कायदा करीत नाही तेथे ती बापाच्या न्यायबुद्धीने केली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, सर्वस्व मुलाच्या स्वाधीन केले आणि अठराव्या वर्षी त्याने ते उधळले, अथवा म्हातारपणी आई-बापांना दाराबाहेर उभे केले, तर काय करावे? ही भीती निराधार नाही, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ती खरी असेल तर तिचे उत्तर देऊनही न देण्यात नाही. ज्यावर आपली स्वतःची गुजराण अवलंबून आहे ते न देण्यात आहे. राहते घर आपल्या नावावर ठेवावे आणि मृत्युपत्र करावे. द्यावयाचेच असेल तर बक्षीसपत्रात आपल्या हयातीपर्यंत उपभोगाचा हक्क राखून ठेवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असे बक्षीसपत्र वैध असल्याचे स्पष्ट केले आहे. मूल लहान असताना त्याच्यासाठी तरतूद करावयाची असेल तर लेखी विश्वस्त निधी करून, कोणत्या वयात काय मिळावे हे ठरवून, घराबाहेरचा एखादा भरवशाचा विश्वस्त नेमता येतो. या सर्व वाटांचा गुण असा की, त्यांत जे मनात आहे तेच कागदावर असते. ‘मी ठेवीत आहे’ असे म्हणून ठेवणे आणि ‘मी देत आहे’ असे म्हणून देणे, दोन्ही निर्दोष आहेत. दोष उत्पन्न होतो तो ‘दिले’ असे म्हणून ठेवण्यात.

कोणी असेही म्हणेल की, एका कुटुंबात हे माझे, ते तुझे, असा हिशेब आणणे आपल्या एकत्र कुटुंबाच्या संस्कृतीस शोभत नाही. परंतु हे म्हणणे इतिहासास धरून नाही. ज्या मिताक्षरेच्या आधारे आपली एकत्र कुटुंबे शतकानुशतके चालली, तिनेच वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राचा हक्क जन्मतःच मानला होता. पाळण्यातल्या मुलाचा हक्क मान्य करून त्या व्यवस्थेत कर्त्याने कारभार करावयाचा होता. कर्ता म्हणजे मालक नव्हे. आज काळ बदलला, मुलीही त्या हक्कास पात्र ठरल्या, कुटुंबे विभक्त झाली. परंतु लहानाचा हक्क मोठ्याच्या हाती ठेव म्हणून असतो, ही त्यामागची दृष्टी जुनी झालेली नाही.

तेव्हा परदेशस्थ असोत वा येथले, आपल्या सभासद आई-बापांना आमचे एवढेच निवेदन आहे. मुलाच्या नावावर काही करण्यापूर्वी एक दिवस थांबावे, आणि हे धन उद्या मुलाने आपल्यास न विचारता स्वतःच्या मताप्रमाणे वापरले तर ते आपणास सोसेल काय, याचा विचार करावा. सोसेल असे उत्तर आले तर आनंदाने नाव लावावे, आणि त्या दिवसापासून देवाच्या दप्तराइतक्याच काळजीने मुलाचे दप्तर ठेवावे. सोसणार नाही असे उत्तर आले तर त्यातही लाज वाटण्यासारखे काही नाही. धन आपल्याच नावावर ठेवावे, किंवा आपल्या नावावर ठेवता येत नसेल तर त्याचा मोह सोडावा. ज्यांनी पूर्वीच असे व्यवहार केले आहेत त्यांनी येत्या वर्षारंभी एक वही घालावी, मुलाच्या नावावर काय आहे व त्याचे उत्पन्न कोठे गेले ते लिहून काढावे, आणि जे मुलाचे म्हणून खर्ची पडले असेल ते थोडे थोडे भरून द्यावे. मूल समजत्या वयाचे झाले असेल तर ती वही त्याला दाखवावी.